रॅकची फळी का वाकते? लांबी, जाडी, लाकूड आणि चंद्रपूरचा उन्हाळा

नेट-सेटची तयारी करायला चंद्रपूर किंवा गडचिरोलीत खोली घेतली की आठवडाभरात एक प्रश्न उभा राहतो: पुस्तकं ठेवायची कुठे? घर भाड्याचं, त्यामुळे भिंतीत कपाट करून घेता येत नाही. सागाचं कपाट परवडत नाही, आणि परवडलं तरी खोली बदलताना तिसऱ्या मजल्यावरून उतरवणार कोण? मग ऑनलाइन किंवा बाजारातून खोक्यात सपाट येणारं, घरी स्क्रू पिळून उभं करायचं रॅक येतं. पहिले काही महिने ते छान दिसतं. एक पावसाळा गेला की मधली फळी पोटातून खाली आलेली दिसते.

त्यावर आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: "भुशाचं आहे, दुसरं काय होणार? सागाचं घ्यायचं होतं." आपला प्रदेश सागाचा, म्हणून हे उत्तर जिभेवरच असतं. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान बल्लारपूरहूनच रवाना झालं. अशा ठिकाणी भुशाच्या फळीला मान मिळणं कठीणच.

पण संशोधनाकडे वळायचं असेल तर अशा तयार उत्तरापाशी थोडं थांबायची सवय लावून घ्या. "भुशाचं आहे" हे अर्धं उत्तर आहे. उरलेलं अर्धं भौतिकशास्त्रात आणि आपल्या जिल्ह्याच्या हवेत आहे. आणि ते कळलं की सागाच्या कपाटाचे पैसे न घालताही फळी सरळ ठेवता येते.

आधी खोक्यात काय असतं ते पाहू

खोक्यातल्या फळ्या बहुतेक पार्टिकल बोर्डच्या असतात. निलगिरी, सुबाभूळ, पॉप्लर यांसारख्या झाडांचं लाकूड, आरा मशीनवरचा तुकडा-भुसा, कधी उसाची चिपाडं, यांचे बारीक कण करून त्यात बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन मिसळतात आणि उष्णता व दाब देऊन पत्रा दाबतात. वरून लाकडासारखा दिसणारा छापील थर चिकटवतात. भारतात साध्या पार्टिकल बोर्डसाठी आयएस ३०८७ आणि वरून थर दिलेल्या बोर्डसाठी आयएस १२८२३ अशी मानकं आहेत.

कारखाने लाकडाऐवजी हे का वापरतात? स्वस्त पडतं हे खरं, पण आणखी एक कारण आहे. अखंड लाकूड ओलावा घेतं तेव्हा ते रेषेच्या दिशेने जवळपास वाढत नाही, पण आडवं बरंच फुगतं. सागासारखं शांत लाकूडसुद्धा पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होताना एका आडव्या दिशेत सुमारे अडीच टक्के आणि दुसऱ्या दिशेत साडेपाच-सहा टक्के आक्रसतं. पार्टिकल बोर्डमध्ये कण सगळ्या दिशांना पडलेले असतात, त्यामुळे फळीची लांबी-रुंदी फारशी बदलत नाही. फुगते ती जाडी. म्हणून एका गावात मशीनने पाडलेलं भोक हजार किलोमीटरवरच्या दुसऱ्या फळीच्या भोकाशी बरोबर जुळतं. १९५६ च्या सुमारास स्वीडनमध्ये आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन यांनी टेबल गाडीत मावेना म्हणून त्याचे पाय काढले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण पाय काढणं सोपं असतं. ते कुणाच्याही घरी, कुठल्याही ऋतूत परत नीट बसले पाहिजेत, आणि तिथे हे बोर्ड कामी येतं.

म्हणजे भुसा ही निव्वळ काटकसर नाही. त्या वस्तूची गरजच तशी आहे. मात्र ती गरज भागवताना ताठपणा कमी होतो. किती कमी, ते मोजता येतं.

एक सूत्र, चार राशी

दोन्ही टोकांना टेकलेल्या आणि सगळीकडे सारखा भार असलेल्या फळीचा मध्यभागीचा बाक असा निघतो:

बाक = (५ × दर लांबीमागचा भार × लांबीचा चौथा घात) ÷ (३८४ × यंगचा गुणांक × जडत्व आघूर्ण)

आयताकृती फळीचं जडत्व आघूर्ण म्हणजे रुंदी × जाडीचा घन ÷ १२. यंगचा गुणांक म्हणजे पदार्थाचा अंगचा ताठपणा.

आता आकडे घालू. फळी ९० सेंमी लांब, २५ सेंमी रुंद, १८ मिमी जाड. परीक्षेची जाडजूड पुस्तकं ओळीने लावली तर मीटरमागे ३० किलो धरायला हरकत नाही (एक किलोचं पुस्तक साधारण सव्वातीन सेंमी जाड, असा हिशोब). पार्टिकल बोर्डचा यंगचा गुणांक २५०० न्यूटन प्रति चौरस मिमी धरू, सागाचा १०,७००. फळीचं स्वतःचं वजन सोडून देऊ. तर पहिल्या दिवशीचा बाक असा येतो:

- पार्टिकल बोर्ड, ९० सेंमी, १८ मिमी: ८.३ मिमी
- साग, ९० सेंमी, १८ मिमी: १.९ मिमी
- पार्टिकल बोर्ड, ९० सेंमी, पण २५ मिमी जाड: ३.१ मिमी
- पार्टिकल बोर्ड, १८ मिमी, पण ६० सेंमी लांब: १.६ मिमी

शेवटची ओळ पुन्हा वाचा. साठ सेंमीची भुशाची फळी नव्वद सेंमीच्या सागाच्या फळीपेक्षा कमी वाकली!

यात जादू काही नाही, फक्त घातांक आहेत. पदार्थ बदलला तर त्याचा परिणाम पहिल्या घातात येतो. साग चौपट ताठ, म्हणून बाक चौथ्या हिश्शावर. जाडीचा परिणाम तिसऱ्या घातात येतो आणि लांबीचा चौथ्या. लांबी निम्मी केली तर बाक सोळाव्या हिश्शावर येतो. म्हणजे नव्वद सेंमीच्या फळीला मधोमध एक उभा आधार दिला की ८.३ मिमीचे साधारण अर्धा मिमी होतात. फळी अखंड असून आधारावरून सलग जात असेल तर त्याहूनही कमी.

संशोधनाला निघालेल्या माणसाने इथून एक गोष्ट उचलावी. आपण "कोणता पदार्थ चांगला?" असा प्रश्न चटकन विचारतो, कारण पदार्थ डोळ्यांना दिसतो आणि त्याला नाव असतं. पण कुठल्या राशीचा घातांक मोठा आहे, हे आधी पाहायला हवं. प्रयोगशाळेत सहा महिने नवा पदार्थ शोधण्यात घालवण्याआधी कागदावर दहा मिनिटं हा हिशोब करा. कधी कधी उत्तर पदार्थात नसतं, आकारात असतं.

पण थांबा, सागाची बाजू अजून संपली नाही

वरचे आकडे पहिल्या दिवसाचे आहेत. पुस्तकं मात्र दोन-तीन वर्षं तिथेच असतात. लाकूड आणि लाकडापासून बनलेले पदार्थ भार तेवढाच असूनही हळूहळू वाकत जातात. याला क्रीप म्हणतात. स्टीलच्या फळीत घरच्या तापमानाला हे जाणवत नाही, लाकडात जाणवतं आणि पार्टिकल बोर्डमध्ये जास्त जाणवतं. कारण त्यात ताण कणाकणांमधल्या रेझिनच्या सांध्यांतून जातो. लांब अखंड तंतूंतून तो जात नाही.

किती जास्त? युरोपात लाकडी बांधकामाची जी संहिता आहे, युरोकोड ५, तिच्यात यासाठी गुणक दिलेले आहेत. कोरड्या, आतल्या जागेत कायमच्या भाराखाली अखंड लाकडाचा बाक मूळ बाकाच्या ०.६ पट वाढतो असं धरतात. भार पेलणाऱ्या पार्टिकल बोर्डच्या एका सामान्य प्रकारासाठी ही वाढ २.२५ पट आहे. म्हणजे शेवटचा बाक लाकडात मूळच्या १.६ पट, बोर्डमध्ये ३.२५ पट.

आता तोच तक्ता काही वर्षांनंतरचा:

- पार्टिकल बोर्ड, ९० सेंमी: ८.३ वरून २७ मिमी
- साग, ९० सेंमी: १.९ वरून ३.१ मिमी
- पार्टिकल बोर्ड, ६० सेंमी: १.६ वरून ५.३ मिमी
- पार्टिकल बोर्ड, मधोमध आधार: ०.५ वरून १.७ मिमी

पहिल्या दिवशी साठ सेंमीचं बोर्ड पुढे होतं, काही वर्षांनी साग पुढे गेला. एकाच प्रश्नाची दोन उत्तरं आली, कारण प्रश्नात वेळ धरलीच नव्हती. तुमच्या विषयातही हे तपासा: तुमचं मोजमाप कोणत्या क्षणाचं आहे? आणि वापरणाऱ्याला ज्या क्षणाशी देणंघेणं आहे तो हाच आहे का?

आता आपल्या जिल्ह्याची हवा

युरोकोडचे आकडे "कोरड्या आतल्या जागेचे" आहेत. भारतात पार्टिकल बोर्डच्या चाचणीच्या पद्धती आयएस २३८० मध्ये आहेत. तिथे नमुने २७ अंश तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेत स्थिर करून मग मोजतात. तुलना करायची तर सगळ्यांसाठी एकच हवा हवी, हे बरोबरच आहे. पण चंद्रपूरची हवा वर्षातून किती दिवस तशी असते?

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घसरते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच पंच्याऐंशीच्या पुढे. लाकूड हवेशी समतोल साधत ओलावा घेतं-सोडतं. पहिल्या हवेत लाकडातला समतोल ओलावा वजनाच्या साधारण चार टक्के येतो, दुसऱ्या हवेत सतरा-अठरा टक्के. बोर्डमध्ये हे आकडे थोडे कमी असतात, पण चढ-उतार तशीच.

आता बहुतेकांना असं वाटेल की पावसाळ्यातला ओलावा वाईट आणि उन्हाळा बरा. १९६० साली ऑस्ट्रेलियातल्या आर्मस्ट्राँग आणि किंग्स्टन या संशोधकांनी 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध छापला. त्यांनी लाकडाच्या बारीक पट्ट्यांवर भार टांगला. काही पट्ट्या सतत ओल्या ठेवल्या, काही भाराखाली असतानाच सुकू दिल्या. सुकल्यावर लाकूड ताठ होतं, म्हणजे सुकणाऱ्या पट्ट्या कमी वाकायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या सतत ओल्या ठेवलेल्यांपेक्षा जास्त वाकल्या. पुढच्या अनेक अभ्यासांत हेच दिसत गेलं: भाराखाली असताना ओलावा *बदलत* राहणं हे नुसत्या ओलाव्यापेक्षा जास्त वाकवतं. याला मेकॅनो-सॉर्प्टिव्ह क्रीप असं नाव पडलं. पार्टिकल बोर्डमध्येही आर्द्रता वर-खाली होत राहिली की क्रीप वाढतो.

आपल्याकडे ही वर-खाली वर्षातून एकदाच होत नाही. विदर्भातला कूलर आठवा. मे महिन्यात दुपारी कूलर चालू, खोली दमट. वीज गेली किंवा कूलर बंद केला की तासाभरात खोली पुन्हा भट्टीसारखी कोरडी. एका दिवसात ओलावा फळीच्या पूर्ण जाडीत पोचत नाही, वरचा छापील थर त्याला अडवतो. पण कापलेल्या कडा, स्क्रूची भोकं आणि मागची उघडी बाजू त्याला मोकळी असते. कूलरच्या थेट झोतात रॅक ठेवलं असेल तर या कडा उन्हाळाभर रोज ओल्या-कोरड्या होतात. त्यात पाण्याचे तुषार बसले तर जाडी फुगते, आणि फुगलेलं बोर्ड सुकल्यावरही पूर्वीइतकं बसत नाही. शिवाय युरिया-फॉर्मल्डिहाइडचं रेझिन उष्णता आणि ओलावा एकत्र आले की हळूहळू तुटतं. चंद्रपूरला दोन्हींची कमतरता नाही.

तेव्हा "भुशाचं आहे" या उत्तराचं पूर्ण रूप असं: कमी ताठ पदार्थ, त्याला झेपणार नाही इतकी लांबी, कायमचा भार आणि हेलकावे खाणारी हवा. यातलं पहिलं तुमच्या हातात नाही, बाकीचं बरंचसं आहे.

मग करायचं काय

*आधी लांबी.* खरेदी करताना साठ सेंमीपेक्षा लांब फळीचं रॅक पुस्तकांसाठी घेऊ नका. खोक्यावर दर फळीला किती किलो ते लिहिलेलं असेल तर वाचा, आणि घरी पुस्तकं वजनकाट्यावर ठेवून बघा. लांब रॅक आधीच घेतलं असेल तर मधोमध उभा तुकडा बसवा. आधार प्रत्येक कप्प्यात एकाखाली एक यायला हवा, नाहीतर वरच्या फळीचं ओझं खालच्या फळीच्या पोटावर येतं. उंच रॅक वरून भिंतीला जखडा, पुस्तकांसकट अंगावर येऊ नये म्हणून.

*मग पट्टी.* मधला आधार नको असेल तर फळीच्या खाली, पुढच्या कडेला सागाची पट्टी उभी लावा. १८ मिमी जाड आणि ४० मिमी उंच. हिशोब केला तर ९० सेंमीच्या पार्टिकल बोर्डचा पहिल्या दिवसाचा बाक ८.३ वरून १.९ मिमीवर येतो, अखंड सागाच्या फळीइतका. क्रीप धरून शेवटी साधारण ३.४ मिमी, सागाच्या ३.१ च्या अगदी जवळ. कारण जसजसं बोर्ड ढिलं पडतं तसतसा भार पट्टीवर सरकतो, आणि ती कमी ढिली पडते. या पट्टीला लागणारं लाकूड अखंड फळीच्या सहाव्या हिश्शाहून कमी. पट्टी आडवी चपटी लावली तर मात्र फायदा बराच कमी होतो. पुन्हा तोच घन: इथे जाडी म्हणजे उंची.

आरा मशीनवर किंवा सुताराकडे असे कटपीस मिळतात. बिल मागून घ्या, आपल्या भागात सागाच्या बाबतीत ते महत्त्वाचं आहे. छापील थरावर फेव्हिकॉल नीट धरत नाही, म्हणून स्क्रू वापरा, आणि तो वरून, फळीतून पट्टीत जाईल असा. स्क्रूचं टोक सागात रुतलं पाहिजे. भुशात ते धरत नाही. मागची कड सुटी राहू नये म्हणून फळी मागच्या पत्र्याला बारीक खिळ्यांनी बांधा.

*बांबूचं काय?* मानवेल बांबूचा ताठपणा सागाच्या तोडीचा, कधी जास्तच असतो. आणि तो इथला आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. मग खोक्यातल्या रॅकला बांबू का नाही? अडचण ताठपणाची नाहीच. बांबू गोल, एका टोकाला निमुळता. स्क्रू पिळला की रेषेत फाटतो, आणि बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केली नाही तर घुण लागते. म्हणजे प्रश्न सांध्याचा आणि मापाचा आहे. दहा वेळा उघडून जोडता येईल असा बांबूचा सांधा हा पीएचडीच्या तोडीचा प्रश्न आहे, आणि त्याचा कच्चा माल तुमच्या दारात आहे.

*शेवटी हवा.* रॅक कूलरच्या झोतातून बाजूला घ्या. उघड्या कडांवर एज बँडची पट्टी किंवा वॉर्निशचा हात द्या, भोकांच्या आतही. फळी खुंट्यांवर सुटी टेकलेली असेल तर वर्षातून एकदा उलटी करून ठेवा, तोच भार तिला परत सरळ करत आणतो.

आणि हे मोजून बघा

आकडे मी सूत्रातून काढले आहेत. तुमच्या खोलीतले आकडे तुम्ही काढा. साहित्य: एक दोरा, एक स्टीलची पट्टी, आर्द्रता दाखवणारं एक साधं मीटर आणि एक वही. दोरा फळीच्या दोन टोकांमध्ये ताणून धरा, मध्यभागी फळी आणि दोऱ्यातलं अंतर वाचा. प्रत्येक वेळी तीनदा वाचा आणि तिन्ही लिहा, सरासरी नंतर. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी. पुस्तकं वर्षभर हलवायची नाहीत. एक फळी मुद्दाम रिकामी ठेवा, नाहीतर बाक भाराने आला की फळी मुळातच वाकडी होती, हे कळणार नाही. जमलं तर तसंच रॅक बिनाकूलरच्या खोलीतल्या मित्राकडेही मोजा.

मोजणी सुरू करायची वेळ मात्र नीट निवडा. एप्रिलमध्ये, कूलर बाहेर काढण्याच्या आधी. म्हणजे पहिला ओला-कोरडा हेलकावा तुमच्या वहीत येईल, आणि जूनमध्ये पाऊस आल्यावर बाक कुठून कुठे गेला ते सांगता येईल.